इलेक्ट्रोलाइट्स म्हणजे काय रे भाऊ?

'इडिऑक्रसी' मी पहिल्यांदा पाहिला तो तुकड्यातुकड्यांनी. थोडा जेवताना, थोडा झोप येत नव्हती म्हणून, आणि मधला बराचसा दीडपट वेगाने, कारण गोष्ट रेंगाळतेय असं वाटलं. डोकं चालवायचं विसरलेल्या जगाची टिंगल आपण नेमकी कशी बघतोय, हे तेव्हा माझ्या गावीही नव्हतं.

माइक जजचा हा सिनेमा २००६ सालचा. धड जाहिरातही न करता तो मोजक्या थिएटरांत लागला आणि उतरला; नंतर लोकांनी तो घरी बसून शोधून काढला. लष्करातला जो नावाचा माणूस, सगळ्याच बाबतीत सरासरी, एका प्रयोगात वर्षभरासाठी झोपवला जातो. लोक त्याला विसरतात आणि तो उठतो थेट २५०५ साली. तोवर जग इतकं मठ्ठ झालेलं असतं की आपला हा 'जो' पृथ्वीवरचा सर्वांत हुशार माणूस ठरतो.

तिथला गाजलेला कार्यक्रम म्हणजे एका माणसाला नको त्या जागी पुन्हा पुन्हा मार बसणं. बस्स, एवढंच. फ्रिटो नावाचे वकीलसाहेब आरामखुर्चीत बसून तो बघतात. त्या खुर्चीतच संडासाची सोय आहे, उठायला नको. मीही खिदळलो. कार्यक्रमावर नव्हे हं, तो बघणाऱ्या फ्रिटोवर! पण खरं सांगायचं तर तो माणूस आदळला तेव्हाच मला हसू फुटलं होतं. फ्रिटोचा विचार मागाहून आला. हा सिनेमा पाहून स्वतःला 'जो' समजणारे पुष्कळ भेटतात. फ्रिटो समजणारा अजून एकही भेटलेला नाही.

मला सगळ्यात आवडतो तो पिकांचा प्रसंग. शेतं वाळून चाललीत, कारण त्यांना पाण्याऐवजी 'ब्रॉन्डो' नावाचं बाटलीतलं पेय पाजलं जातंय. का? तर त्यात इलेक्ट्रोलाइट्स आहेत. इलेक्ट्रोलाइट्स म्हणजे काय? तर ब्रॉन्डोमध्ये असतात ते. जो डोकं आपटायचाच बाकी राहतो. साधं पाणी घाला म्हटल्यावर लोक विचारतात, संडासात असतं तेच? शेवटी तो पाणी घालायला लावतो. मग कंपनीचे शेअर कोसळतात, नोकऱ्या जातात आणि लोक जोलाच शिक्षा द्यायला निघतात.

हसून हसून पुरेवाट झाली. मग सिनेमा थांबवला आणि गुपचूप शोधलं, इलेक्ट्रोलाइट्स म्हणजे काय ते. कारण मलाही ठाऊक नव्हतं! घाम आल्यावर ते पोटात जावेत, एवढं जाहिरातींनी शिकवलं होतं. सोडियम, पोटॅशियम वगैरेंचे क्षार. पाण्यात विरघळले की वीज वाहू देणारे. हेच क्षार मातीत फार साचले तर मुळांना पाणी ओढता येत नाही. म्हणजे त्या विनोदात शेतीशास्त्र होतं, आणि मी ते न कळताच हसलो होतो.

सिनेमाचं एक म्हणणं मात्र मला पटत नाही. हुशारांना मुलं कमी, ठोंब्यांना जास्त, म्हणून जग बिघडलं, असं तो सुरुवातीलाच सांगून टाकतो. विसाव्या शतकात बुद्धिमापन चाचण्यांचे सरासरी गुण अनेक देशांत पिढ्यान्पिढ्या वाढतच गेले. शिवाय फ्रिटोला ती खुर्ची आईबापांच्या रक्तातून मिळालेली नाही. ती कुणीतरी विचारपूर्वक बनवून त्याला विकलीय. त्यापेक्षा रे ब्रॅडबरीचा नेम अचूक होता. त्याच्या १९५३ सालच्या 'फॅरनहाइट ४५१' या कादंबरीत पुस्तकं जाळणारे नंतर येतात. वाचणं लोकांनी आधीच सोडलेलं असतं. नायकाच्या बायकोच्या खोलीत तीन भिंतींवर पडदे आहेत, आणि तिचा हट्ट चौथ्या भिंतीसाठी.

परवा ठरवून 'इडिऑक्रसी' पुन्हा पाहिला. सलग, मूळ वेगाने, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. शेवटी नावं वर सरकू लागतात न लागतात तोच सिनेमा आक्रसून कोपऱ्यात गेला आणि पुढचा पाच सेकंदांत सुरू होईल असं आलं. मी रिमोट चाचपू लागलो. तो खुर्चीच्या फटीत गेला होता. सापडेपर्यंत पहिली मारामारी उरकली होती. म्हटलं, आता सुरू झालाच आहे, तर थोडा बघू.