नळाविना घर

हेलसिंकीच्या उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवर, तूसुला तळ्याजवळ, संगीतकार जाँ सिबेलियसचं घर आहे. बायको आयनो, म्हणून घर ‘आयनोला’. १९०४ साली तो इथे राहायला आला आणि १९५७ मध्ये इथेच गेला. तिसरी ते सातवी, अशा पाच सिंफनी या घरातल्या. त्याच्या हयातीत घरात नळ मात्र आला नाही. पाइपांचा आवाज नको, म्हणून.

हट्ट विक्षिप्त खरा, पण भिंती पाहिल्या की पटतो. घर लाकडी ओंडक्यांचं. अशा भिंतीवर धातूचा पाइप ठोकणं म्हणजे तंबोऱ्याच्या तबलीवर तार चढवणं; पाण्याची थरथर भिंतभर पसरते. तोटी झटक्यात बंद केली की वाहतं पाणी अडतं, दाबाचा धक्का मागे फिरतो आणि पाइप ठणकन वाजतो. गरम पाण्याचा पाइप तापताना ताणतो, निवताना आकसतो, कुरकुरतो. त्यात ओंडक्यांचं घर पहिली काही वर्षं खाली बसत राहतं. वाळताना ओंडका लांबीत फारसा घटत नाही, जाडीत घटतो. म्हणून दारं-खिडक्यांच्या चौकटींवर फट राखतात. उभा पाइप काही भिंतीबरोबर बसत नाही. सरकता सांधा नसेल तर जोड सुटतो.

आता हिशेबाची दुसरी बाजू. नळ नाही म्हणजे विहीर. दहा लिटरची बादली, दहा किलो वजन. घरात पाच मुली, आणि फिनलंडचा हिवाळा. वडील बाहेर पडले की मुलींनी पियानोचा सराव उरकायचा. ही शांतता निसर्गाने दिलेली नव्हती, घरातल्या बायकांनी ती रोज वाहून आणलेली होती.

वास्तुकार लार्स सोंकला सिबेलियसने दोनच अटी घातल्या होत्या: तळं दिसायला हवं आणि जेवणघरात हिरवी शेकोटी हवी. त्याला स्वरांत रंग दिसत. एफ मेजर ही स्वरपट्टी हिरवी. १९४०च्या दशकात त्याने धुण्याच्या टोपलीत हस्तलिखितं भरली आणि जेवणघरातल्या आगीत घातली. आठवी सिंफनी बहुधा त्यातच गेली.

१९७४ पासून घर लोकांना खुलं आहे, तेही उन्हाळ्यातच. गर्दी स्टाइनवे पियानोपुढे असते. पन्नासाव्या वाढदिवसाची ती भेट. आधी अंगणातली सौना, म्हणजे वाफेच्या स्नानाची खोली, पाहा. तिचा आराखडा आयनोबाईंनी स्वतः केला होता.