मॉयटी म्हणजे किती गुंठे?

खरेदीखत १९३८चं. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. घेणारा कॅम्पातला ठेकेदार, म्हणून वकिलानं खत इंग्रजीत केलेलं. खानापूर रोडला लागून सहा एकरांचा सर्व्हे नंबर, त्यातली 'अनडिव्हायडेड मॉयटी' विकली, एवढंच त्यात होतं. एकर-गुंठ्यांचा आकडा कुठेच नाही.

कोर्टाच्या कागदांची इंग्रजी, कन्नड, मराठी भाषांतरं करणं हा माझा धंदा. त्या दिवशी वकिलांनी दोन्ही पार्ट्यांना समोर बसवून हे खत माझ्याकडे सरकवलं. आधीच्या कन्नड भाषांतरात मॉयटीला 'ओंदु पालु', म्हणजे एक हिस्सा, असं लिहिलेलं. जुन्या उताऱ्यावर नावं तीन. तेव्हा एक हिस्सा म्हणजे दोन एकर, असा विकणाऱ्याच्या भाऊबंदांचा हिशेब. घेणाऱ्याचे नातू तीन एकर मागत होते. भांडण एका एकराचं, पण त्या रस्त्यावरच्या एकराचा आजचा भाव विचारू नका.

कायद्याच्या इंग्रजीत मॉयटी म्हणजे निम्मं, मी म्हणालो. लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला शब्द, मुळात अर्थ अर्धाच.

"तीन नावांत निम्मं कसं येतंय ओ?" भाऊबंदांतले काका उसळले.

त्यांचा नातू बी. फार्म. करतोय. तो म्हणाला, "सर, आम्हाला मॉयटी म्हणजे रेणूचा एखादा भाग. औषधाचं काम करते ती ॲक्टिव्ह मॉयटी. ती अर्धीच असते असं नाही."

पोराचं खोटं नव्हतं. त्याच्या बाजूनं शेक्सपिअरही उभा राहिला असता. 'हेन्री फोर्थ'च्या पहिल्या भागात बंडखोर नकाशावर इंग्लंडच्या तीन वाटण्या करतात, आणि नदीच्या वळणानं आपली मॉयटी लहान झाली म्हणून हॉटस्पर कुरकुरतो. भाऊबंदकी तिथंही सुटलेली नाही.

शब्दकोशावर हे मिटणार नव्हतं. मी वंशावळ मागितली. मूळ पुरुषाला दोन मुलगे. थोरल्याला एकच मुलगा, तोच विकणारा. धाकट्याला दोन. म्हणजे नावं तीन, पण तक्षिमा, म्हणजे वाटणीच्या शाखा, दोनच! थोरल्या तक्षिमेला निम्मं, धाकटीतल्या दोघांना पाव-पाव. खत लिहिणाऱ्या वकिलाला घराणं नीट ठाऊक होतं. त्यानं शब्द तोलून घातला होता.

मी मराठीत 'अविभक्त निम्मा हिस्सा' लिहिलं, कन्नडात 'अविभक्त अर्ध पालु'.

काका वंशावळीवर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "निम्मं तर निम्मं. पण विहीर कुठल्या निम्म्यात?"

अविभक्त म्हटल्यावर ते खतात असणारच नाही. सारा भरणाऱ्या जमिनीत कोर्ट हिस्सा ठरवतं. बांध घालायचं काम डी.सी., म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत महसूल खात्याकडे जातं. वकील हे समजावून सांगेपर्यंत घेणाऱ्याचा नातू बोलून गेला, "विहीर रस्त्याकडंला हाय, म्हणजे आमच्यातच की." वकिलांनी क्लार्कला नवी फाइल आणायला सांगितली.