सोलापूर ते न्यूयॉर्क : विमान सोळा तास, घर ते घर किती?

अमेरिकेला निघालो म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न, "विमान किती तास?" मुंबई-न्यूयॉर्क सरळ अंतर साधारण १२,५०० किलोमीटर, थेट विमानाला जाताना १६ तासांच्या आसपास. पण सोलापूरकराने हिशोब घराच्या कुलपापासून करावा. सोलापूर-मुंबई ४५५ किलोमीटर रेल्वेनेच साडेसहा तास खातात.

आमचं विमान १२ तारखेला रात्री दोनचं होतं. इथेच घोळ होतो. १२ तारखेचं तिकीट म्हणजे ११ लाच घर सोडायचं, कारण रात्री अकराला विमानतळावर हजर हवं. आम्ही ११ ला सकाळच्या 'वंदे भारत'ने निघालो (ती आठवड्यातून एक दिवस नसते, वार बघून घ्या). दादरला उतरलो, पार्ल्याला नणंदेकडे जेवण आणि चक्क दोन तास झोप. सोलापूरच्या होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून मुंबईला विमान ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झालंय. पण तिकीट वेगळं असेल तर उशीर झाल्यास पुढचं विमान थांबत नाही. शिवाय देशातल्या विमानात सामान साधारण १५ किलोच चालतं. परदेशाच्या २३ किलोच्या बॅगांचं काय करणार?

तिकिटावर पहाटे २ ला सुटून सकाळी साडेसातला पोहोच, तारीखही तीच! जाऊबाई म्हणाल्या, "अगं, साडेपाचच तास?" न्यूयॉर्कचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असतं, नोव्हेंबर ते मार्च साडेदहा. लेकीच्या न्यू जर्सीतल्या घराची बेल वाजवेपर्यंत ३८-३९ तास गेले. येताना वारा मागून असतो, त्यामुळे तास-दीड तास वाचतो.

विमानात दर दोन तासांनी उठून पॅसेजमध्ये फेरी मारा, पाणी पीत राहा. गुडघे धरत असतील तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगा, वेगळे पैसे पडत नाहीत. लाज कसली त्यात!

आता खाऊ. शेंगाचटणी चेक-इन बॅगेतच टाका. हातातल्या बॅगेत ३५० ग्रॅमच्या वर पूड असली की जादा तपासणी होते. सुकं खोबरं मात्र चेक-इनला चालत नाही, काढून घेतात. कडक भाकरी स्टीलच्या डब्यात, खाली-वर रुमाल घालून. तिकडे उतरल्यावर कस्टमच्या फॉर्मवर किंवा विचारलं की खायचं आणलंय हे सरळ सांगायचं. "पीनट चटणी, ब्रेड," एवढं बोललो, साहेबाने डबा उघडून भाकरीवर टिचकी मारून पाहिली आणि जाऊ दिलं. कढीपत्ता, ताजी फळं, बियाणं नकोच. लेकीचा पत्ता इंग्रजीत कागदावर लिहून पासपोर्टातच ठेवा, फोनची बॅटरी नेमकी तिथेच दगा देते.

परतीला दुपारी मुंबईत उतरत असाल तरी संध्याकाळच्या गाडीचं आरक्षण करू नका. सामान यायला किती वेळ लागेल सांगता येत नाही. रात्रीची सिद्धेश्वर धरा, लोअर बर्थ मागून.