खडूनं लिहिलेला ‘क’

त्या दिवशी माझ्या बॅगेत आमच्या मालाचा रेट कमी केल्याचं पत्र होतं. किलोमागं दीड रुपया. मालकांची सही झालेली, शिक्का मारलेला. कागलला जाऊन गिऱ्हाइकाच्या परचेसच्या, म्हणजे खरेदीच्या, साहेबांच्या टेबलावर ठेवायचं, एवढंच काम उरलं होतं.

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमची फौंड्री, म्हणजे लोखंड वितळवून ओतायचा कारखाना, आहे. ग्रे आयर्नची कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेले भाग, करतो, आणि गेली अकरा वर्षं तिथलं मार्केटिंग मी बघतो. ज्या गिऱ्हाइकाची ही गोष्ट, त्यांचं मशीनशॉप कागलच्या पंचतारांकित वसाहतीत. त्यांना आम्ही ट्रॅक्टरला लागणारं एक हौसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, देतो, अकरा किलोचं. 2022 च्या दिवाळीपर्यंत महिन्याला तीन हजार नग जायचे. मग अडीच हजार, अठराशे, आणि 2023 च्या जूनमध्ये अकराशे. दर महिन्याला मी जायचो, परचेसला बसायचो, चहा व्हायचा आणि साहेब म्हणायचे, “रेटचं बघा की जरा.” त्यामुळं आम्ही सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं की दुसऱ्या कुणी तरी रेट पाडलाय.

हे गिऱ्हाईक मला जवळचं होतं, हे सांगायलाच हवं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि रस्ता कित्येक दिवस बंद पडला. आमचा भरलेला टेम्पो गेटातच उभा. त्यांची लाइन थांबली, पण त्यांनी एक रुपया दंड लावला नाही. पाणी ओसरायला लागल्यावर फोन आला तो मालाचा नव्हता. “तुमची माणसं बरी आहेत ना?” एवढंच त्यांनी विचारलं. अशा गिऱ्हाइकाची ऑर्डर अकराशेवर येते, तेव्हा नुसता टार्गेटचा आकडा खाली येत नाही. झोप जाते.

जुलैचा पहिला आठवडा. शिरोलीतनं निघतानाच पाऊस, तो कणेरी मागं पडेपर्यंत थांबला नाही. पोचलो तर परचेसचे साहेब मीटिंगमध्ये, तासभर लागेल म्हणाले. रिजेक्शनचा माल उचलायचा राहिला होता. एरवी टेम्पोवाला जाऊन मोजून आणतो, पण त्या दिवशी तो आलाच नव्हता. म्हटलं, बसून राहण्यापेक्षा आपणच मोजू. गेटवर शूज आणि चष्मा घेऊन मी शॉपमध्ये शिरलो. अकरा वर्षांत त्या शॉपच्या आत जाण्याची माझी ती तिसरी की चौथी वेळ असेल. लिहितानाही हे मला बोचतं.

रिजेक्शनच्या लाल पिंजऱ्यात आमचे नऊ नग होते. काही ब्लो होलचे, म्हणजे आत हवेची भोकं राहिलेले, एक-दोन वाळूचे. नेहमीसारखंच. पण पिंजऱ्याबाहेर, भिंतीला लागून, आमच्याच हौसिंगची आणखी एक थप्पी होती आणि प्रत्येक नगावर खडूनं ‘क’ लिहिलेला.

व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कापायच्या मशीनवर, पंचविशीतला एक ऑपरेटर होता. त्याला विचारलं, “दादा, हे पण रिजेक्शनमध्ये धरायचे का?”

“न्हाई साहेब. ते कडक हायत. रात्रपाळीला द्यायचे न्हाईत, दिवसा हळू चालवायचे.”

“कडक म्हणजे?”

त्यानं मशीनखालनं एक डबा काढला आणि माझ्यासमोर पत्र्यावर ओतला. तुटलेले इन्सर्ट, म्हणजे धातू कापणाऱ्या टूलची बदलायची पाती. कुणाचा कोपरा उडालेला, कुणाचे दोन तुकडे झालेले. “हे एवढे सगळे तुमच्या मालावर. इन्सर्ट बसला की फिनिश जातंय, टूल बदला, परत ऑफसेट द्या. माझं प्रॉडक्शन बसतंय आन् इन्सेंटिव्ह जातोय. दुसऱ्या पार्टीचा माल लागला की शिफ्ट निवांत जात्याय.”

“मग हे सांगितलं का नाही कुणाला?”

“सुपरवायझरला सांगितलंय की. ते म्हणाले, साइजमध्ये हाय नव्हं, चालवा. आन् तुमचं माणूस आत कधी आलंय सांगायला?”

मला उत्तर देता आलं नाही. आमच्या मासिक रिपोर्टमध्ये या गिऱ्हाइकाचं रिजेक्शन सव्वा टक्का दिसत होतं, आणि तेवढ्यावर आम्ही क्वालिटी उत्तम म्हणत होतो. कडक नग रिजेक्ट होत नव्हते. ते इन्सर्ट मोडून, वेळ खाऊन, शेवटी पासच होत होते. त्यामुळं कागदावर त्यांची नोंदच नव्हती. नोंद होती ती फक्त त्या पोराच्या खडूत. त्याच्या सुपरवायझरनं पुढच्या महिन्याचं प्लॅनिंग करताना आमचे नग थोडे कमी मागितले, परचेसनं ते कमी केले. मला कारण विचारायचा हक्क होता, आणि मी ते चुकीच्या टेबलावर विचारत बसलो होतो.

ऑपरेटरकडनं कानस मागून घेतली. नगाच्या जाड अंगावर ती धरत होती. पातळ लगच्या, म्हणजे बाहेर आलेल्या कानाच्या, कडेला लावली की घसरत होती, काचेवरनं घसरावी तशी. परवानगी घेऊन एक लग हातोड्यानं तोडला. आत राखाडी दिसायला हवं होतं. कडेला पांढरा चकचकीत पट्टा होता.

फौंड्रीत नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. ग्रे आयर्नमधला कार्बन ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात सुटा व्हावा लागतो. तो झाला की धातू मशीनवर सहज कापतो, बोरिंग, म्हणजे कापताना निघणारा चुरा, भुरभुरीत पडतं. पातळ कडा लवकर गार होतात. तिथं कार्बनला सुटं व्हायला वेळ मिळत नाही, तो लोखंडाशी जखडून राहतो आणि धातू पांढरा, कडक होतो. यालाच चिल म्हणतात. हे होऊ नये म्हणून रस, म्हणजे वितळलेलं लोखंड, लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या बादलीत, घेताना फेरोसिलिकॉनचं इनॉक्युलंट, म्हणजे कार्बन सुटा व्हायला मदत करणारं द्रव्य, टाकतात. पण त्याचा असर टिकून राहत नाही, मिनिटागणिक उतरत जातो. रस लॅडलमध्ये रेंगाळला की इनॉक्युलंट टाकून न टाकल्यासारखंच.

‘क’चे नग एक्केचाळीस होते. प्रत्येक कास्टिंगवर तारीख आणि हीट नंबर, म्हणजे भट्टीच्या कितव्या खेपेचा रस ते, उठवलेला असतो. पावसाळी अंधारात मोबाइलची बॅटरी लावून मी एक्केचाळीस नंबर वहीत उतरवून घेतले. तो ऑपरेटर नग उलटे करून देत होता. परचेसचे साहेब मोकळे झाल्याचा निरोप आला. मी वर गेलो, पण पत्र काढलं नाही. “आठ दिवस द्या, रेटवर मग बोलू,” म्हणून निघालो. त्या पत्रावर तीन हजार नग परत मिळाले असते तरी महिन्याला तेहेतीस टनांवर आम्ही जवळजवळ पन्नास हजार रुपये सोडले असते. आणि इन्सर्ट तसेच तुटत राहिले असते.

शिरोलीत येऊन मेल्टिंगचं रजिस्टर काढलं. एक्केचाळीसपैकी छत्तीस नग रात्रीच्या शेवटच्या दोन हीटचे. उरलेले पाच एका दुपारचे, ज्या दिवशी वीज गेली आणि भरलेलं लॅडल होइस्टला लटकत राहिलं होतं.

तेव्हा रात्री दहा ते सकाळी सहा विजेला सवलत मिळायची, म्हणून आमचं बरंचसं मेल्टिंग रात्रीच चालायचं. त्या रात्री मी घरी जेवून परत आलो आणि पहाटेपर्यंत ओतणाऱ्या गँगजवळ उभा राहिलो. पहिल्या हीटला लॅडल भरल्यापासून शेवटचा बॉक्स, म्हणजे वाळूचा साचा, ओतेपर्यंत सहा मिनिटं लागली. साडेचारच्या हीटला चौदा. गँगमधली दोन माणसं वाळूच्या कामाला गेली होती आणि एकटे मामा एका मदतनीसाबरोबर अख्खी लाइन ओतत होते. साठीला टेकलेले, ऑइल इंजिनांचं कोल्हापूर बघितलेले मामा.

“मामा, हे कधीपासनं चाललंय?”

“दिवाळी झाल्यापासनं. माणूस कमी केलं नव्हं? शेवटचं लॅडल मी एकटाच मारतोय. इचारलं का कुणी?”

ऑर्डर घसरायला लागली तीही दिवाळीनंतरच. एका दिवसात, दोन ठिकाणी, दोन कामगारांनी मला एकच वाक्य ऐकवलं होतं.

सकाळी तुटलेला लग मालकांसमोर ठेवला. त्यांनी स्वतः कानस मागवली, लावून बघितली आणि बराच वेळ बोलले नाहीत. पुढचं सोपं झालं नाही. माणूस वाढवायचा म्हणजे खर्च, आणि तो वाचवायचा निर्णय त्यांचाच होता. एक्केचाळीस नग बदलून द्यायला ते तयार झाले. इन्सर्टचे पैसे मात्र, “मागितलेत का त्यांनी? मग आपण का काढायचं?” यावर आमचं चांगलंच वाजलं. माझं म्हणणं होतं की आपण आधी काढलं नाही तर उद्या तो ऑपरेटर माझ्याशी बोलणारच नाही. शेवटी निम्म्यावर मिटलं.

ओतण्याची पद्धत बदलली. लॅडल लहान केलं, गँगमध्ये माणूस परत आला, सात मिनिटांनंतर उरलेला रस बॉक्समध्ये न ओतता पिग मोल्डमध्ये, म्हणजे परत वितळवायच्या लाद्यांच्या साच्यात, टाकायचा असं ठरलं, आणि प्रत्येक लॅडलमागं पाचरीच्या आकाराचा एक नमुना ओतून, तोडून, पांढरा पट्टा किती आत गेलाय ते मोजायला लागलो. सगळ्यात जास्त विरोध पिगच्या नियमाला झाला, कारण वितळवलेला रस परत वितळवायचा म्हणजे वीज दोनदा. मामांनी तो नियम सगळ्यात आधी पाळला.

आठव्या दिवशी कागलला गेलो तो लग, वही आणि रजिस्टरची झेरॉक्स घेऊन. या वेळी परचेसच्या साहेबांना विनंती केली की प्रॉडक्शनच्या साहेबांना आणि त्या ऑपरेटरलाही बोलवा. त्यांना ते जरा विचित्र वाटलं, पण बोलावलं. मी आमची चूक जशीच्या तशी मांडली. प्रॉडक्शनचे साहेब खूश झाले नाहीत. “आठ महिने हे आम्ही भोगलंय,” म्हणाले, आणि दोनशे नगांचा ट्रायल लॉट दिला. त्यातला एकही कडक निघाला नाही. मग पाचशे, मग हजार. डिसेंबरपर्यंत आम्ही चोवीसशेवर पोचलो. उरलेले सहाशे दुसऱ्या फौंड्रीकडंच राहिले. त्यांनी अडचणीत माल दिला होता, त्यांचा तो वाटा रास्तच आहे. रेटचा विषय त्या वर्षी परत निघाला नाही.

आता दर गुरुवारी मी गिऱ्हाइकाकडं जातो तो आधी मशीनवर आणि नंतर परचेसला.

मागच्या पावसाळ्यात एका रात्री पावणेबाराला फोन वाजला. कागलचा तो ऑपरेटर.

“साहेब, झोपला न्हाईसा न्हवं? एक पीस जरा कडक लागलाय. हीट नंबर सांगतो, घ्या लिहून.”

मी उठलो, दिवा लावला आणि वही काढली.