कोकणकडा, पावसाळा सरल्यावर

आज हरिश्चंद्रगड, तिथल्या कोकणकड्यासाठी. दिवाळी होऊन गेली, थंडी आत्ता कुठे पडायला लागलीये, ग्रुपवर विचारलं तर सगळ्यांचं एकच, आता काय बघायचंय तिथे, वाळलं असेल सगळं. मग मी आणि दादा दोघंच निघालो.

गडाच्या पायथ्याच्या पाचनईत पोचलो तेव्हा उजाडत होतं. भात कापून झालेला, खाचरांत नुसते सड, एका खळ्यावर झोडणी चाललेली. पाचनईची वाट गडावर जायला सगळ्यात सोपी. मध्ये एका बाजूची अख्खी कातळभिंत अंगावर येते, पावसात तिच्यावरून धो धो पाणी पडतं, आता फक्त काळे ओघळ दिसतात. गवत मात्र कंबरेएवढं आणि पिवळंधम्मक. दिसायला भारी, पण कुसळं लेगिंग्जमधून आरपार, दर थोड्या वेळाने थांबून उपटत बसायचं.

वर मंदिर. चांगदेवांनी 'तत्त्वसार' हा ग्रंथ इथे लिहिला, शके १२३४, म्हणजे इ.स. १३१२. इतक्या लांब, जंगलात बसून लिहायचं, आपल्याला घरात एसीत बसून एक मेल होत नाही. शेजारच्या केदारेश्वराच्या गुहेत चार खांबांपैकी एकच शाबूत आहे आणि पिंडीभोवती बर्फासारखं पाणी. दादा प्रदक्षिणा घालतो म्हणून उतरला, कंबरेपर्यंत गेला आणि 'हर हर महादेव'च्या जागी तोंडातून भलतंच काहीतरी निघालं, देव माफ करो.

मंदिराजवळच्या झोपडीत पिठलं-भाकरी खाल्ली. मावशी म्हणाल्या, "पावसात लई गर्दी, पर ढगात कडा कुनाला दिसतोय? आता या बघून." अगदी खरंय.

कोकणकड्याच्या टोकाला पालथं पडायचं आणि फक्त डोकं बाहेर काढायचं. पोटात गोळा येतोच. कडा आतल्या बाजूला वळलाय, त्यामुळे आपल्याखालचा दगड दिसतच नाही, समोरची बाजू तेवढी दिसते, लाव्हाचे आडवे थर एकावर एक, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. पावसाळ्यात हे सगळं हिरवं नाहीतर धुक्यात. आज प्रत्येक थराची कड मोजता येत होती. खाली कोकणात बेलपाड्याची घरं, उजवीकडे आजोबाचा डोंगर, डावीकडे लांब जीवधन किल्ला. दादाने गवताची एक काडी सोडली, ती खाली जायच्या ऐवजी आमच्या डोक्यावरून मागे गेली. कोकणातून येणारा वारा या वळणात शिरला की त्याला वर यायला सोडून दुसरी वाटच नसते.

इंद्रवज्र, म्हणजे धुक्यावर उमटणारं गोल इंद्रधनुष्य, अर्थातच नाही. ब्रिटिश काळात कर्नल साइक्सने ते इथे पाहिल्याची नोंद आहे, पण त्याला खाली धुकं आणि पाठीशी ऊन लागतं, म्हणजे सकाळच. आज हवा कोरडी आणि दुपारपासून सूर्य समोर.

सूर्यास्ताला थांबलो नाही, दिवस लहान झालेत आणि उतारावरचा सुका मुरूम पावसातल्या शेवाळापेक्षा बेकार घसरतो (हे माझं मत, दादाला पटत नाही). शेवटचा टप्पा टॉर्चवर. पुढच्या वर्षी पाऊस ओसरता ओसरता मुक्कामाला यायचं, पहाटे इंद्रवज्राचा चान्स घ्यायचा असं ठरलंय. प्रदक्षिणा त्याने एकट्यानेच घालायची, हेही ठरलंय.