तुम्ही विचारलंत म्हणून: योयोला मोठा प्रायोजक का मिळत नाही?

ज्या घरात एखादा मुलगा किंवा मुलगी शाळेतून आल्यापासून झोपेपर्यंत योयो फिरवत असते, त्या घरातून हा प्रश्न हमखास येतो. "इतकं कठीण करतात ही मुलं, मग कोकाकोला, रेड बुल असं कोणी पैसे का लावत नाही?" कंपन्यांनी जाहिरातीचा पैसा कुठे घालावा हे सांगणं माझं पोटापाण्याचं काम आणि योयो ही हौस, त्यामुळे मी दोन्हीकडून तावडीत सापडतो.

मोठ्या कंपन्या आल्याच नाहीत, हे मुळात खरं नाही. कोकाकोला तर आली होती आणि चांगली मुरली होती.

पण सुरुवात त्याआधीची. फिलिपिन्सहून अमेरिकेत आलेल्या पेद्रो फ्लोरेसने १९२८ साली कॅलिफोर्नियात सांता बार्बराला योयोचा कारखाना काढला. थोड्याच काळात तो धंदा डोनाल्ड डंकनने विकत घेतला. डंकन योयोत नवखा, पण माल खपवण्यात पटाईत. त्याने वृत्तपत्रांचा बादशहा विल्यम रँडॉल्फ हर्स्ट याच्याशी संधान बांधलं. हर्स्टच्या पेपरांनी डंकनच्या स्पर्धांना प्रसिद्धी द्यायची आणि स्पर्धेत उतरायचं तर मुलांनी पेपरला नवे वर्गणीदार आणून द्यायचे. योयो खपले, पेपर खपला, आणि शहरभर दारोदार हिंडायला बिनपगारी पोरं मिळाली. इतका चोख सौदा मी माझ्या धंद्यात अजून पाहिलेला नाही. (आज कोणी केला तर बालहक्कवाले दारात उभे राहतील, ते वेगळं.)

पुढे जॅक रसेलच्या कंपनीने कोकाकोला, फँटा, स्प्राइटचे शिक्के असलेले योयो देशोदेशी नेले. पढवलेले खेळाडू गावोगावी फिरत, दुकानांसमोर उभे राहून पोरांना शिकवत आणि शेवटी स्पर्धा होई. जपानमध्ये सत्तरच्या दशकात त्याचं वेडच लागलं होतं. तिसरी लाट तिथलीच, १९९७ची. खेळणी बनवणारी बांदाई, अमेरिकेतल्या योमेगाचे योयो आणि 'कोरोकोरो' हे मुलांचं कॉमिक्स मासिक अशी तिघांची मोट बांधली गेली. मासिकात योयोची चित्रकथा, खेळण्यांच्या दुकानात ट्रिकच्या परीक्षा, पास झालात की पुढची पातळी. पोरगं परीक्षेसाठी पुन्हा दुकानात येणार, म्हणजे पुन्हा काहीतरी घेणार. दोन-तीन वर्षांत ताप उतरला.

या तिन्ही वेळी कंपनीने पैसे मोजले ते पोराला पुन्हा पुन्हा दुकानापर्यंत आणण्यासाठी. स्पर्धा ही त्या मोहिमेची सांगता होती, लग्नानंतरच्या पूजेसारखी. आणि त्या काळी स्पर्धेत काय चाललंय हे कोणालाही कळायचं. ठरलेल्या ट्रिक, जमली की नाही एवढाच प्रश्न, आणि बरोबरी झाली तर लूप, म्हणजे योयो हातात न पकडता लागोपाठ पुढे फेकल्याचे फेरे, मोजायचे. पोराची आजीसुद्धा पंच होऊ शकली असती.

आता आजची स्पर्धा बघा. जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत तीन मिनिटांचा फ्रीस्टाइल, म्हणजे खेळाडूने स्वतः बसवलेला खेळ, गाण्यावर. पंचांच्या हातात क्लिकर, म्हणजे बटण दाबून मोजायचं यंत्र असतं, ट्रिकच्या प्रत्येक घटकाला एक क्लिक. योयो थांबला तर एक गुण वजा, बदलला तर तीन, सुटला तर पाच. वन-ए, म्हणजे एक योयो आणि एक दोरी, हा सर्वांत मानाचा गट. त्यात दोरीचे वेढे इतक्या वेगात पडतात आणि सुटतात की दुसऱ्या रांगेतल्या माणसालाही दोरी दिसत नाही. ज्याला खेळता येतं तो खुर्चीवरून उठतो. बाकीचे त्याच्याकडे बघून टाळ्या वाजवतात.

त्यात आजचा स्पर्धेचा योयो परत येत नाही. बेअरिंग इतकं मोकळं असतं की नुसत्या झटक्याने तो हातात यायचा नाही, दोरीची घडी घालून 'बाइंड' करावं लागतं. एका बैठकीत समोरच्या मार्केटिंगच्या साहेबांनी मोठ्या हौसेने योयो मागून घेतला, खाली सोडला, वर ओढला. तो आपला तिथेच गरगरत राहिला. "बिघडलाय वाटतं," म्हणत त्यांनी तो परत दिला आणि फोन हातात घेतला. यानंतर मी काय सांगणार? आपण लहानपणी जो योयो खेळलो, तोच हा खेळ असं समजून ते साहेब खोलीत आले होते, आणि ती एकमेव ओळख आम्हीच काढून घेतली.

म्हणून "खेळ कठीण आहे" हे कारण मला कंपनीपुढे चालत नाही. कठीण असणं ही खेळाडूची मिळकत, कंपनीला बघणारे लागतात. रेड बुलने २०१८ साली बॉस्टनला रुबिक्स क्यूबची स्पर्धा भरवली. क्यूब कसा सोडवतात हे न कळणाऱ्यालाही घड्याळ कळतं. जपानमध्ये एनएचके या सार्वजनिक वाहिनीच्या वर्षअखेरीच्या गाण्यांच्या कार्यक्रमात गायक गात असतो आणि मागे शंभरावर माणसं ओळीने एकामागून एक केंदामाचा, म्हणजे लाकडी दांड्याला दोरीने बांधलेला, चेंडू दांड्यावर झेलतात, एक चुकला की विक्रम गेला. २०१८ साली १२४ जणांनी तो पुरा केला. केंदामा हातात न धरलेली माणसंही श्वास रोखून बघतात. आपला खो-खोच घ्या. २०२२ साली बालेवाडीत अल्टिमेट खो-खो सुरू झाला तेव्हा खेळाडू नवाचे सात केले आणि कुठल्याही दिशेने पळू शकणारा 'वजीर' आणला. संघांच्या मालकांत अदानी आणि जीएमआर दिसले. जुन्या माणसांना हे रुचलं नसेल, पण टीव्हीसमोर बसलेल्याला कोण कोणाच्या मागे आहे ते कळलं.

मग योयोत आज पैसा कोण घालतं? मुख्यतः योयो बनवणारेच. 'स्पॉन्सर्ड प्लेअर' हे ऐकायला भारी वाटतं, पण बहुतेकांच्या बाबतीत त्याचा अर्थ फुकट योयो आणि दोऱ्या. वरच्या मोजक्यांना स्वतःच्या नावाचं मॉडेल, त्याच्या विक्रीतला वाटा आणि प्रवासखर्च. घरातल्या घरात फिरणारा पैसा. अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा कॅलिफोर्नियातल्या चिको नावाच्या छोट्या शहरात १९९३ पासून कितीतरी वर्षं भरली. ती वाढवली कोणी? गावातल्या 'बर्ड इन हँड' नावाच्या दुकानाने. योयोचं संग्रहालयही त्याच दुकानात, २५६ पौंडांच्या अगडबंब योयोसकट.

एक अडचण कोणी विचारत नाही, पण ती मला सर्वांत जास्त छळते. फ्रीस्टाइल होतो तो दुसऱ्याच्या गाण्यावर. मुलं आवडतं गाणं घेतात, यूट्यूबवर हक्कदाराचा दावा येतो. हॉलमध्ये ते खपतं, पण कंपनीला त्याच तीन मिनिटांतली दहा सेकंद जाहिरातीत हवी असतात आणि ती वापरता येत नाहीत. म्हणजे बॅनर लावायला मिळतो, फिल्म मिळत नाही. बॅनरसाठी आज कोण पैसे देतं?

माझं मत विचाराल तर रेड बुलच्या मागे लागू नका. शाळकरी मुलांना रोज काहीतरी विकणाऱ्या, शहरापुरत्या कंपनीकडे जा: वह्या-पेनं, सायकली, सुगंधी दूध. आणि वन-एचा फायनलिस्ट घेऊन जाऊ नका. फोर-एवाला न्या, ज्याचा योयो दोरीला बांधलेलाच नसतो. तो हवेत गेला, दोरीवर झेलला की जमिनीवर पडला, हे साहेबांनाही दिसतं. त्याहून चांगलं म्हणजे लॅडर दाखवा. सोप्यापासून कठीणापर्यंत ट्रिकची यादी, सगळी मुलं एका ओळीत, दोनदा चुकलात की बाहेर, शेवटी उरेल तो जिंकला. नियम एका वाक्यात संपतो, गाणं लागत नाही, आणि दर आठवड्याला शाळेत घेता येतं. डंकनच्या काळातली आजी इथेही पंच होईल.

हे सगळं आपल्याकडे तयार आहे. पण लॅडर ठेवतात सकाळी नऊला, नवशिक्यांसाठी, हॉल रिकामा असताना. ती संध्याकाळी मुख्य मंचावर घ्या म्हटलं की पहिला विरोध कंपनीचा होत नाही. फायनलला बसलेली मुलं तोंड वाकडं करतात, त्यांना ती बालवाडी वाटते, आणि आयोजक त्यांना दुखवायला तयार नसतात. तुमचा मुलगा त्या फायनलला असेल, तर आधी त्याच्याशी बोला.