काजू ते चवथ: घरच्या पैशांचा हिशेब शिकताना

गोव्यात वाळपईच्या आसपास आमच्यासारख्या घरांत पैसा महिन्याने येत नाही, हंगामाने येतो. मार्च ते मे काजूच्या बिया, चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी माटोळीचं (गणपतीच्या वर बांधायच्या फळापानांच्या सजावटीचं) सामान, अधूनमधून कुणाच्या कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, रोजंदारी. जून-जुलैत हाती काही नसतं आणि नेमक्या तेव्हाच शाळेच्या वह्या, छत्र्या, दवाखाना येतो. आमच्या बचत गटाच्या बैठकीला एका स्वयंसेवी संस्थेची ताई येऊ लागली, तेव्हा मला वाटलं होतं, दर महिन्याला इतके टाका असंच सांगणार. तिने तसं काही सांगितलं नाही. "वहिनी, आधी वर्ष मांडूया," म्हणाली. वहीच्या एका पानावर बारा महिने, वर आलेले पैसे, खाली गेलेले. मे महिन्याची वरची बाजू भरलेली आणि जुलैची रिकामी, हे पान मी अजून जपून ठेवलंय.

पुढच्या वेळी तिने पासबुक मागितलं. माझ्या खात्यात सरकारच्या गृह आधार योजनेचे १,५०० रुपये येतात, म्हणून ते चालू आहे. तिचं बोट मे अखेरच्या एका ओळीवर थांबलं: २० रुपये वजा. त्याच्या खाली ४३६ वजा. मी ते बँकेचे चार्जेस समजत होते. २० रुपये म्हणजे सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला २ लाख. ४३६ म्हणजे जीवन ज्योती विमा, कुठल्याही कारणाने मृत्यू आला तरी २ लाख. खातं उघडताना पुढे केलेल्या कागदांवर सह्या झाल्या होत्या, पण हे विमे आहेत असं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. खात्यात मे अखेरीस पैसे नसतील तर हप्ता कापला जात नाही आणि विमा थांबतो. घरच्यांना ठाऊकच नसेल तर मागायला तरी कोण जाणार? या एका गोष्टीचा मला फार राग येतो.

मग व्याज. गावात एक जण शेकडा दोनने पैसे देतो. ४०,००० घेतले की वर्षाचं व्याज ९,६००, आणि हप्ता महिन्याला ४,१३३. शेकडा दोन म्हणजे वर्षाला २४ टक्के, एवढंच आम्ही धरून चालायचो. ताईने बारा चौकोन काढले आणि दर महिन्याला एक खोडत गेली. सहा खोडल्यावर विचारलं, "आता तुमच्याकडे त्याचे किती उरले?" निम्मे. पण व्याज अजून पुऱ्या ४०,००० वरच चालू. उरलेल्या रकमेवर धरलं तर दर ४० टक्क्यांच्या वर जातो. बायका गप्प बसल्या. एकीने तर तेच चौकोन आपल्या वहीत पुन्हा काढून बघितले.

बँक आमच्या गटाला ७ टक्क्यांनी देते. गट आम्हाला शेकडा एक लावतो, पण उरलेल्या रकमेवर. त्या हिशेबाने ४०,००० वर वर्षाचं व्याज साधारण २,६५० होतं, आणि बँकेचं देऊन वर राहतं ते गटातच राहतं. सावकाराचं आधीचं होतं ते मी ठरल्याप्रमाणे फेडलं, नवं तिथून उचललं नाही. गटाची वही मात्र नीट हवी: बैठका, हजेरी, परतफेड. बँकेचा माणूस आधी तीच उघडतो.

आपल्याकडे पावसाआधी पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतात, मीठ, मिरची, सुकी मासळी. ताईने विचारलं, पैशांचं का भरत नाही? आता बियांचे पैसे आले की त्यातला एक भाग गटाकडे ठेवते, तो जूनच्या आधी काढायचा नाही असं ठरलंय. पहिल्या वर्षी घरात कुरबूर झाली. नवऱ्याला दुचाकीचं काम करून घ्यायचं होतं. यंदा तोच विचारत होता, किती ठेवले म्हणून.

रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने २०१७ पासून बँका आणि संस्था मिळून आर्थिक साक्षरता केंद्रं चालवतात. तुमच्या तालुक्याचं केंद्र कुठलं ते बँकेत विचारता येतं. जाताना पासबुक छापून न्या, त्याशिवाय बोलणं वरवरचं होतं.

आमचं अजून एक काम राहिलंय. नवऱ्याच्या खात्याला वारसाचं नाव लावलेलं नाही, हे परवा पासबुक पाहताना कळलं. आधार घेऊन दोघं सोमवारी बँकेत जाणार आहोत.